विश्लेषण : उठाव झाला की मदत बंद, पण लोकशाही टिकवली तर? पश्चिम आफ्रिकेबाबत युरोपला फेरविचार का करावा लागतोय?

पश्चिम आफ्रिकेत ऑगस्ट २०२० पासून माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर आणि गिनी-बिसाऊ या पाच देशांत लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये बेनिनमध्येही तसा प्रयत्न झाला. तो नायजेरियाच्या मदतीने हाणून पाडण्यात आला. याच काळात सेनेगल आणि घानामध्ये मात्र मतपेटीतून सत्तांतर झाले आणि पराभूत पक्षाने निकाल मान्य केला. तरीही या दोन्ही देशांची तिजोरी कर्जाच्या ओझ्याखाली आहे आणि परदेशी मदतीचा ओघ आटत चालला आहे. युरोपीय महासंघ व त्याचे सदस्य देश मिळून जगात सर्वाधिक विकास मदत देतात. लष्करशहांना मदत बंद करण्याची पद्धत युरोपने घालून दिली आहे, पण लोकशाही टिकवणाऱ्या देशांसाठी वेगळे काही आहे का, हा प्रश्न आता विचारला जात आहे.

युरोपची मदत नेमकी कशी पोहोचते?

युरोप आणि आफ्रिकेतील विकास सहकार्याची सुरुवात १९५७ च्या रोम कराराइतकी जुनी आहे. तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक प्रदेश फ्रान्सच्या वसाहती होत्या. स्वातंत्र्यानंतर १९६३ मध्ये याउंडे करार झाला. पुढे १९७५ मध्ये टोगोची राजधानी लोमे येथे आणि २००० मध्ये बेनिनमधील कोटोनू येथे नवे करार झाले. आता नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वाक्षऱ्या झालेला सामोआ करार या संबंधांचा आधार आहे.

पैसा साधारण तीन वाटांनी जातो. पहिली वाट प्रकल्पांची. रस्ता, पाणीपुरवठा योजना किंवा आरोग्य केंद्र यासाठी निधी मंजूर होतो आणि अनेकदा फ्रान्स, जर्मनी किंवा स्पेनच्या विकास संस्था ते काम राबवतात. दुसरी वाट अर्थसंकल्पीय मदतीची. यात रक्कम थेट त्या देशाच्या तिजोरीत जमा होते. त्यासाठी धोरणे, आर्थिक स्थैर्य, वित्तीय व्यवस्थापन आणि अर्थसंकल्पाची पारदर्शकता हे निकष तपासले जातात. तिसरी वाट कर्ज आणि हमीची. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेला ‘ग्लोबल गेटवे’ कार्यक्रम प्रामुख्याने याच वाटेचा आहे. २०२७ पर्यंत जगभरात ३०० अब्ज युरोंची गुंतवणूक उभी करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. त्यातील १५० अब्ज युरो आफ्रिकेसाठी असतील, असे फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगण्यात आले.

ही १५० अब्जांची रक्कम म्हणजे अनुदान नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. त्यात थोडे अनुदान, बरेचसे कर्ज आणि हमीच्या आधारावर येणारी खासगी गुंतवणूक धरलेली आहे. कर्जात आधीच रुतलेल्या देशासाठी हा फरक फार मोठा ठरतो.

नायजरमधील उठावाने काय उघड केले?

साहेल पट्ट्यातील नायजर हा युरोपचा लाडका भागीदार होता. एप्रिल २०२१ मध्ये तेथे एका निर्वाचित अध्यक्षाने दुसऱ्या निर्वाचित अध्यक्षाकडे सत्ता सोपवली. देशाच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ. मोहम्मद बाझूम यांच्या सरकारला युरोपीय महासंघाने २०२१ ते २०२४ या काळासाठी ५० कोटी ३० लाख युरोंचा निधी राखून ठेवला होता. सुशासन, शिक्षण आणि शाश्वत विकास अशी त्याची उद्दिष्टे होती. शिवाय पोलीस व सुरक्षा दलांच्या प्रशिक्षणासाठी युरोपची मोहीम २०१२ पासून सुरू होती आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला लष्करी भागीदारीची जोड मिळाली. पाच महिन्यांनी, २६ जुलै २०२३ रोजी, अध्यक्षांच्या सुरक्षेसाठी असलेल्या पथकानेच बाझूम यांना कैद केले. तीन दिवसांत युरोपने अर्थसंकल्पीय मदत आणि सुरक्षा सहकार्य थांबवले.

युरोपच्या दृष्टीने नायजरचे महत्त्व दोन कारणांनी होते. एक दहशतवादविरोधी लढाई आणि दुसरे स्थलांतर. अगादेझ शहरातून सहारा ओलांडून लिबियाकडे जाणारा मार्ग बंद व्हावा, अशी युरोपची इच्छा होती. मे २०१५ मध्ये नायजरच्या संसदेने स्थलांतरितांची तस्करी गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माल्टातील परिषदेत युरोपने आफ्रिकेसाठी आपत्कालीन विश्वस्त निधी उभारला. पुढे तो पाच अब्ज युरोंपर्यंत गेला. अगादेझमध्ये मात्र चालक, वाहनमालक, घर भाड्याने देणारे, खानावळवाले अशा अनेकांचा रोजगार बुडाला. त्यांच्या मते हा कायदा नायजरच्या लोकांसाठी नव्हताच. लष्करी राजवटीने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्द केला तेव्हा अगादेझमध्ये त्याचे स्वागत झाले.

याच विश्वस्त निधीवर युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने २०२४ मध्ये विशेष अहवाल दिला. नव्या पद्धती वापरूनही निधीचा वापर पुरेसा नेमका राहिला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. थोडक्यात, युरोपची यादी आणि मतदारांची यादी वेगवेगळी होती. निर्वाचित सरकार ब्रसेल्सला दिलेली आश्वासने पाळत राहिले आणि त्याची राजकीय किंमत देशात चुकवत राहिले.

शिक्षेची तरतूद आहे, प्रोत्साहनाची का नाही?

कोटोनू करारात मानवाधिकार, लोकशाही तत्त्वे आणि कायद्याचे राज्य यांचा भंग झाल्यास आधी चर्चा आणि मग मदत स्थगित करण्याची तरतूद होती. सामोआ करारातही हे तत्त्व कायम आहे. प्रत्यक्षात ही तरतूद बहुतेक वेळा रणगाडे रस्त्यावर उतरल्यावरच वापरली जाते. गणवेश न घालता, कायद्याच्या भाषेत लोकशाही पोखरली जाते तेव्हा युरोपचा आवाज मवाळ असतो.

आयव्हरी कोस्टमध्ये अलासान वातारा यांनी २०२० मध्ये वादग्रस्त तिसरी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चौथी कारकीर्द मिळवली. चौथ्या वेळी माजी अध्यक्ष लोरां बाग्बो आणि टिजान थियाम या प्रमुख विरोधकांना निवडणूक लढवता आली नाही. वातारांना सुमारे ९० टक्के मते मिळाली. टोगोमध्ये १९६७ पासून एकाच घराण्याची सत्ता आहे. तेथे २०२४ मध्ये राज्यघटना बदलून फोर न्यासिंगबे यांना थेट निवडणुकीशिवाय सत्तेत राहण्याचा मार्ग मोकळा करण्यात आला. बेनिनमध्ये २०१९ ची संसदीय निवडणूक विरोधी पक्षांविना झाली आणि २०२१ च्या अखेरीस विरोधी नेत्या रेक्या मादुगू यांना २० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

या तिन्ही देशांशी युरोपचे सहकार्य सुरूच राहिले. साहेलमधील दहशतवाद आता समुद्रकिनाऱ्यालगतच्या देशांकडे सरकत आहे. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये युरोपने आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो आणि बेनिन यांच्यासाठी सुरक्षा उपक्रम सुरू केला. चारही देशांना एकाच तागडीत तोलल्याने संदेश असा जातो की, निवडणूक कशी झाली यापेक्षा सीमा कोण सांभाळतो याला जास्त किंमत आहे.

सेनेगलचे उदाहरण कळीचे का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सेनेगलची लोकशाही अगदी कडेलोटावर होती. निवडणुकीला जेमतेम तीन आठवडे उरले असताना तत्कालीन अध्यक्ष मॅकी साल यांनी ती लांबणीवर टाकली. लोक रस्त्यावर उतरले. देशाच्या घटना परिषदेने हा निर्णय रद्द ठरवला आणि सरकारला तो मानावा लागला. २४ मार्चला मतदान झाले. त्याच्या दहा दिवस आधी तुरुंगातून सुटलेले ४४ वर्षांचे बस्सिरू दिओमाये फाये पहिल्याच फेरीत ५४ टक्के मतांनी निवडून आले. त्यांचे सहकारी उस्मान सोन्को पंतप्रधान झाले. हे सत्तांतर युरोपच्या पैशामुळे झाले नाही. न्यायालय, पत्रकार, नागरी संघटना आणि मतदार यांनी ते घडवले.

खरी परीक्षा पुढे होती. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने आधीच्या राजवटीने कर्ज आणि तुटीचे आकडे लपवल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेनेगलच्या लेखापरीक्षा न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२३ अखेर कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ७४ टक्के असल्याचे सांगितले जात होते. प्रत्यक्षात ते जवळपास १०० टक्के होते. तूटही पाच टक्क्यांच्या आसपास दाखवली गेली होती, ती १२ टक्क्यांहून अधिक निघाली.

यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १.८ अब्ज डॉलरचा कार्यक्रम थांबवला. पतमानांकन संस्थांनी देशाचे मानांकन घटवले. कर्ज महाग झाले. नियमांच्या चौकटीत यातील प्रत्येक पाऊल समजण्याजोगे आहे. चुकीच्या आकड्यांवर कर्ज देता येत नाही. पण एकूण परिणाम पाहिला तर चित्र विचित्र दिसते. आकडे लपवले जात होते तेव्हा पैसा मिळत होता. जून २०२३ मध्ये नाणेनिधीने कार्यक्रम मंजूर केला, त्याच महिन्यात युरोपीय देशांनी व इतर भागीदारांनी अक्षय ऊर्जेसाठी अडीच अब्ज युरोंची घोषणा केली. आकडे उघड केले तेव्हा ओघ आटला. एखाद्या यंत्रणेत चूक दाखवणारा दिवा लागला म्हणून दिव्याचीच जोडणी तोडावी, तसे हे झाले.

शेजारच्या देशांतील अर्थमंत्री यातून काय शिकतील, हा कळीचा प्रश्न आहे. सत्ता बदलल्यावर जुने हिशेब उघडणे हा लोकशाहीचा मोठा फायदा मानला जातो. त्याची किंमत नव्या सरकारलाच महागाई, करवाढ आणि रखडलेल्या देयकांच्या रूपात मोजावी लागत असेल, तर पुढचे सरकार फाइल बंदच ठेवेल.

घानाची भूमिका काय?

नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ अक्रामध्ये असताना घानाचे तत्कालीन अध्यक्ष नाना अकुफो-आडो यांनी आफ्रिकेने युरोपच्या मदतीवर अवलंबून राहणे थांबवायला हवे, असे त्यांच्यासमोरच सुनावले होते. ‘मदतीपलीकडचा घाना’ ही त्यांची घोषणा गाजली. मात्र पाच वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, घानाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली आणि मे २०२३ मध्ये नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम घ्यावा लागला. केवळ घोषणेने परावलंबन संपत नाही, हे त्यातून दिसले.

तरी घानाची राजकीय घडी विस्कटली नाही. ७ डिसेंबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला आणि त्यांचे उमेदवार महामुदू बावुमिया यांनी अधिकृत निकाल येण्याआधीच पराभव मान्य केला. जॉन महामा पुन्हा अध्यक्ष झाले. काही आठवड्यांतच अमेरिकेने यूएसएड ही मदत संस्था गुंडाळायला सुरुवात केली. घानासाठी ही तूट सुमारे १५ कोटी ६० लाख डॉलरची होती. त्यातील निम्मी रक्कम हिवताप, माता-बाल आरोग्य, एचआयव्ही अशा आरोग्य कार्यक्रमांची होती. महामा सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठीच्या उपकरावरील मर्यादा काढली. या उपकराचा काही भाग आधी सरकारच्या इतर खर्चाकडे वळवला जात होता. आता तो पूर्णपणे आरोग्यासाठी मिळू लागला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अक्रामध्ये आफ्रिकेच्या आरोग्य स्वावलंबनावर परिषद झाली आणि पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी महामा यांनी ‘अक्रा रीसेट’ हा उपक्रम मांडला. मदतीचा प्राधान्यक्रम देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्या देशाने ठरवावा, हा त्याचा गाभा आहे. घानाची मागणी मदत थांबवण्याची नाही. स्वतःचा कर आधी, उसना पैसा नंतर, असा क्रम त्यांना हवा आहे. कर देणारा नागरिक हिशेब मागतो आणि तो हिशेब संसदेत द्यावा लागतो, म्हणून या क्रमाला महत्त्व आहे.

मदत एका हाताने, व्यापार दुसऱ्या हाताने?

विकास सहकार्याचा विचार व्यापारापासून वेगळा करता येत नाही. सेनेगलमधील मासेमारी हे त्याचे ठळक उदाहरण. युरोपीय जहाजांना सेनेगलच्या पाण्यात मासेमारीची मुभा देणारा पाच वर्षांचा करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपने बेकायदा मासेमारी रोखण्यात कमी पडल्याबद्दल सेनेगलला ‘यलो कार्ड’ दाखवले होते. सेनेगलच्या किनाऱ्यावरील छोटे मच्छीमार युरोपीय, चिनी अशा सर्वच परदेशी जहाजांबद्दल तक्रार करत आले आहेत. जाळ्यात मासळी कमी पडू लागल्यावर याच किनाऱ्यावरील लांब लाकडी होड्या, ज्यांना तेथे ‘पिरोग’ म्हणतात, स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघू लागल्या. २०२४ मध्ये या सागरी मार्गाने ४६ हजारांहून अधिक जण कॅनरी बेटांवर पोहोचले. हा उच्चांक होता. होड्या रोखण्यासाठी युरोप मॉरिटानियाला २१ कोटी युरो देतो. मासळी टिकली असती तर त्यातील किती होड्या निघाल्याच नसत्या, याचा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात नसतो.

कोकोची गोष्ट वेगळी नाही. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवतात आणि त्याचा सर्वात मोठा ग्राहक युरोप आहे. शेतकऱ्याला किमान जगण्यापुरते उत्पन्न मिळावे म्हणून दोन्ही देशांनी २०१९ मध्ये प्रतिटन ४०० डॉलरचा अधिभार ठरवला. २०२३ मध्ये युरोपने जंगलतोडीशी संबंधित मालाला बंदी घालणारा कायदा केला. त्यासाठी प्रत्येक शेताचे भौगोलिक स्थान नोंदवावे लागणार आहे. उद्देश रास्त आहे, पण लाखो छोट्या शेतांची नोंदणी आणि मालाचा माग ठेवण्याचा खर्च कोणी करायचा, हा वाद आहे. या कायद्याची अंमलबजावणी आतापर्यंत दोनदा पुढे ढकलली गेली. ज्यांनी वेळेत तयारी केली त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही आणि ज्यांनी केली नाही त्यांचे काही बिघडले नाही.

भारताशी आणि कोकणाशी याचा संबंध काय?

युरोप मागे सरला तर ती जागा घेण्यासाठी चीन, रशिया, तुर्कस्तान आणि आखाती देश तयार आहेत. भारतही या भागात नवखा नाही. अक्रामधील अध्यक्षीय कार्यालय असलेले ज्युबिली हाउस भारताच्या कर्जसाह्यातून, मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधले. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी घानाला गेले. भारतीय पंतप्रधानांचा तो तीन दशकांतील पहिला दौरा होता.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या दृष्टीने जवळचा धागा काजूचा आहे. कोकण व गोव्यातील काजू कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. त्यामुळे भारतात आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ येथून कच्ची काजू बी मोठ्या प्रमाणावर येते. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजू बीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ग्लो-जिग्बे औद्योगिक वसाहतीत प्रक्रिया कारखाने उभारले. बी फोडण्याचे काम, म्हणजे रोजगार, आपल्याच देशात राहावा हा हेतू. बेनिनच्या तरुणाला ही नोकरी अनेक प्रशिक्षण शिबिरांपेक्षा मोलाची आहे. त्याचा ताण मात्र कच्च्या मालावर अवलंबून असलेल्या भारतातील कारखान्यांवर येतो. पश्चिम आफ्रिकेने ‘मदत नको, कारखाना द्या’ म्हटले की त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटतात, ते असे.

युरोपची अडचण काय?

फेरविचाराची चर्चा युरोपच्या तिजोरीत चणचण असताना होत आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये श्रीमंत देशांची विकास मदत ७.१ टक्क्यांनी घटून सुमारे २१२ अब्ज डॉलर झाली. हे प्रमाण या देशांच्या एकूण उत्पन्नाच्या केवळ ०.३३ टक्के आहे. ०.७ टक्क्यांचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्येच ठरवले होते. महासंघाबाहेरचा ब्रिटन २०२७ पर्यंत ही मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणणार आहे. संरक्षण खर्च वाढवण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे पंतप्रधान केअर स्टार्मर यांनी स्पष्ट केले होते. जर्मनी आणि फ्रान्स यांनीही कपात केली आहे.

रशिया-युक्रेन युद्धानंतर संरक्षण हा युरोपच्या खर्चाचा पहिला मुद्दा झाला आहे. स्थलांतराविरोधी पक्षांचा जोर वाढल्याने सरकारांना मदतीचा ‘परतावा’ मतदारांना दाखवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०२८ ते २०३४ या काळासाठी ‘ग्लोबल युरोप’ नावाचा सुमारे २०० अब्ज युरोंचा निधी प्रस्तावित केला. विकास, शेजारी देश आणि मानवीय मदत हे सारे त्यात एकत्र करण्याचा विचार आहे. रक्कम मोठी दिसते, पण कच्चा माल, ऊर्जा आणि स्थलांतर हे युरोपचे स्वतःचे हितसंबंध त्यात आधीपेक्षा उघडपणे मांडलेले आहेत.

आणखी एक अवघड मुद्दा आहे. लोकशाहीची अट पुढे केली की वसाहतवादाची आठवण निघते. फ्रान्सचे सैन्य माली, बुर्किना फासो आणि नायजरमधून बाहेर पडले, २०२५ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि सेनेगलमधील तळही रिकामे झाले. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये ‘इकोवास’ या प्रादेशिक संघटनेतूनही औपचारिकरीत्या बाहेर पडले. अशा वातावरणात युरोपने कोणाला लोकशाहीवादी ठरवायचे, हा सवाल डकार आणि अक्रामध्येही विचारला जातो.

फेरविचार म्हणजे नेमके काय बदलायचे?

पहिला बदल पैशाच्या मार्गाचा. रक्कम अध्यक्ष आणि मंत्रालयापुरती न राहता त्यावर संसदेची समिती, लेखापरीक्षक आणि स्थानिक माध्यमांची नजर हवी. कर्जाचे करार संसदेपुढे ठेवणे आणि प्रसिद्ध करणे ही अट देणाऱ्या देशांनाही लागू असावी. सेनेगलमध्ये खरे आकडे शेवटी देशाच्याच लेखापरीक्षा न्यायालयाने शोधले. अशा संस्थांवरचा खर्च महामार्गाच्या तुलनेत किरकोळ असतो.

दुसरा बदल वेळेचा. सत्तांतरानंतरची पहिली दोन वर्षे सर्वात नाजूक असतात. अपेक्षा आभाळाला टेकलेल्या आणि तिजोरी रिकामी. नव्या सरकारने स्वतःहून जुने हिशेब उघडले, तर त्याला कर्जफेडीत सवलत किंवा तातडीचे अनुदान मिळण्याची ठरलेली व्यवस्था असावी. लपवणाऱ्यांची चौकशी आणि उघड करणाऱ्यांना आधार या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात.

तिसरा बदल सुरक्षा सहकार्यातील. सीमाभागातील गुन्हेगारी व दहशतवाद रोखण्यासाठी युरोपच्या पैशातून सेनेगलमध्ये उभारलेले पथक लोकशाहीवादी निदर्शकांविरुद्ध वापरले गेले, असे अल जझीरा आणि स्पेनमधील ‘पोरकाउसा’ यांच्या २०२४ मधील संयुक्त शोधवृत्तात म्हटले होते. वाहने आणि साहित्य दिल्यावर ते कुठे वापरले जाते याची तपासणी आणि गैरवापर झाल्यास पुरवठा थांबवण्याची अट आधीच लिहिलेली असावी.

चौथा बदल व्यापाराचा. मासळी, कोको, काजू यांसारख्या मालावर तिथेच प्रक्रिया व्हावी यासाठी भांडवल, वीज आणि युरोपच्या बाजारपेठेत स्थिर नियम हवेत. नियम दर वर्षी पुढे ढकलले तर त्यांच्या भरवशावर कोणी कारखाना उभारत नाही.

यातील कोणताही बदल फक्त पैशाने होणारा नाही. उलट पहिल्या आणि तिसऱ्या बदलाला फारसा पैसा लागतही नाही. सध्या मंजूर असलेल्या निधीच्या अटी नव्याने लिहाव्या लागतात.

उशीर झाला तर काय?

अक्रामध्ये मुख्यालय असलेल्या ‘अफ्रोबॅरोमीटर’ या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात ३९ आफ्रिकी देशांतील जनमत नोंदवले आहे. ६६ टक्के लोकांना इतर कोणत्याही व्यवस्थेपेक्षा लोकशाही पसंत आहे. त्याच पाहणीत ५३ टक्के लोक म्हणतात की, निवडून आलेल्या नेत्यांनी सत्तेचा गैरवापर केला तर लष्कराने सत्ता हाती घेतलेली चालेल.

हे दोन आकडे परस्परविरोधी वाटले तरी त्यांचा अर्थ सरळ आहे. लोकांचा लोकशाहीवर विश्वास आहे, पण तो बिनशर्त नाही. दवाखान्यात औषध, शाळेत शिक्षक आणि चुकलेल्या नेत्याला जाब विचारण्याची सोय मिळाली तरच तो टिकतो. फाये आणि महामा यांच्या सरकारांकडे या अपेक्षा पूर्ण करण्यासाठी पुढच्या निवडणुकीपर्यंतचाच वेळ आहे. युरोपच्या २०२८ ते २०३४ या काळाच्या निधीचे नियम सदस्य देश आणि युरोपीय संसद यांच्या वाटाघाटींतून ठरणार आहेत. निधीची रक्कम ठरवताना या दोन देशांना नायजर किंवा टोगोपेक्षा वेगळे मोजायचे की नाही, याचे उत्तरही त्याच नियमांत द्यावे लागेल.